यकृतातल्या मुक्कामी पेशी

आतड्यांतून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल शिरेतून ते आधी यकृतात येतं. यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं, आणि त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश या शिरेचं असतं. पचलेल्या अन्नासोबत त्यात जिवाणूंचे तुकडे असतात, कधी जिवंत जिवाणूही.

इथल्या रक्तवाहिन्या फार अरुंद असतात, रक्ताचा वेग मंदावतो. आतल्या भिंतीला धरून कुप्फर नावाच्या भक्षक पेशी बसलेल्या असतात, पाय फाकवून, थेट प्रवाहात. जिवाणू वाहत आला की पृष्ठभागावरचे ग्राहक रेणू त्याला पकडतात, पेशीचं आवरण त्याला वेढतं आणि आत त्याचं पचन होतं. थकलेल्या तांबड्या पेशीही त्या गिळतात आणि त्यांतलं लोह शरीराला परत मिळवून देतात. ऊतींमध्ये कायम राहणाऱ्या भक्षक पेशींपैकी ८० टक्क्यांहून अधिक एकट्या यकृतात आहेत. यांचे पूर्वज गर्भावस्थेतच इथे येऊन राहिले. एरवी त्या इथेच विभागून आपली संख्या टिकवतात.

१८७६ मध्ये कार्ल फॉन कुप्फर यांनी यकृतात ताऱ्यासारख्या पेशी पाहिल्या, पण त्या वेगळ्याच, ‘अ’ जीवनसत्त्व साठवणाऱ्या होत्या. भक्षक पेशी नेमक्या ओळखल्या त्या १८९८ मध्ये पोलंडच्या ताडेऊश ब्रोविच यांनी. त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, हे खटकतं.

मला या पेशींच्या भुकेपेक्षा त्यांचा संयम मोठा वाटतो. आतड्याकडून रोज येणाऱ्या प्रत्येक परक्या रेणूवर त्या पेटून उठल्या असत्या, तर यकृत कायम सुजलेलं राहिलं असतं. दारूने नेमका हाच तोल जातो. आतड्याचं अस्तर गळकं होतं, जिवाणूंचं विष लोंढ्याने येतं आणि कुप्फर पेशी दाह पेटवणारी रसायनं सोडतात. मग त्या ताराकृती पेशी तंतू विणू लागतात, पुढे सिरोसिस.

म्हणजे भक्षक पेशींना गप्प करायचं का? उंदरांवरच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. यकृताला इजा चालू असताना या पेशी काढल्या तर तंतूंचा व्रण कमी झाला. इजा थांबल्यावर काढल्या, तर मात्र साचलेला व्रण विरघळेना. म्हणून त्यांना सरसकट दाबणारं औषध चालणार नाही. आजाराची वेळ पाहूनच त्यांना आवरावं किंवा मोकळं सोडावं लागेल.