ब्रेकवर थिजलेला पाय

पंचेचाळिशीचे एक एसटी चालक दीड वर्षात सात वेळा आमच्या ओपीडीत येऊन गेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्रार दर वेळी तीच. छातीत आवळल्यासारखं होतं, दरदरून घाम फुटतो आणि रात्री उजव्या मांडीत गोळा येतो. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल. साखर, थायरॉइड, कॅल्शियम, सगळं जागच्या जागी. कंबरेचा एमआरआय काढला, तर त्यात या वयात पुष्कळांना असते तेवढीच मणक्यातली गादी सरकलेली. मी केस पेपरवर ‘अँग्झायटी’ असा शेरा मारला, अल्प्राझोलाम लिहून दिलं आणि पुढचा नंबर बोलावला.

आठव्या खेपेला त्यांना माझ्याऐवजी एका इंटर्न मुलीनं तपासलं. तिनं अगदी साधा प्रश्न विचारला, ‘‘काका, हा पाय पहिल्यांदा कधी दुखला?’’ त्यावर गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी घाटातला तो प्रसंग सांगितला. पावसाळी संध्याकाळ, वळणावर समोरून घसरत आलेली मोटरसायकल आणि तिच्यावरचा एकोणीस वर्षांचा मुलगा. यांनी अक्षरशः ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली, पण तेवढं अंतरच नव्हतं. चौकशीत ते निर्दोष ठरले. ‘‘कागदावर सुटलो मॅडम, पण पाय अजून ब्रेकवरच आहे,’’ असं ते म्हणाले.

सात वेळा मी त्यांचं हृदय तपासलं होतं. हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

आपल्या भाषेला हे दुखणं जुनंच ठाऊक आहे. ‘त्यानं धसका घेतलाय’ असं आपण म्हणतो. काळजात धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, छातीत धडकी भरते. यातला एकही शब्दप्रयोग मनाचा नाही, सगळे देहाचे आहेत. वैद्यकशास्त्रानं या आजाराला ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, म्हणजे पीटीएसडी, असं अधिकृत नाव दिलं ते 1980 मध्ये, व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा प्रश्न अमेरिकेत ऐरणीवर आल्यानंतर. प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा उभा राहणं, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, सतत दचकणं, झोप उडणं अशी लक्षणं महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर हे निदान होतं. भयंकर प्रसंगातून गेलेल्या प्रत्येकाला तो होत नाही. बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपोआप सावरतात.

आमच्या चालकांना मनोविकार विभागात पाठवलं. तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ईएमडीआर शिकलेल्या होत्या. याचं लांबलचक नाव ‘आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग’. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ 1987 मध्ये बागेत फिरत असताना त्यांच्या लक्षात आलं, की डोळे भराभर इकडून तिकडे फिरले की मनात घोळणाऱ्या त्रासदायक विचाराची धार कमी होते. 1989 मध्ये त्यांनी पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला ते नजर उतरवण्याच्या जवळपासचं वाटलं होतं, हे कबूल करतो. तेव्हाच्या अनेक शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं.

प्रत्यक्षात काय होतं? पहिल्या एकदोन भेटींत डोळ्यांचा संबंधच येत नाही. रुग्णाचा इतिहास समजून घेतात आणि मन फार ढवळून निघालं तर ते कसं शांत करायचं, हे आधी शिकवतात. मग त्या प्रसंगातलं सर्वांत बोचणारं एकच चित्र निवडायचं. त्या चित्राशी चिकटलेलं स्वतःविषयीचं वाक्य शोधायचं. आमच्या चालकांचं वाक्य होतं, ‘मी त्याला मारलं.’ त्याऐवजी काय मानता आलं तर बरं वाटेल? ‘मला जे शक्य होतं ते मी केलं.’ आत्ता त्रास किती, याला शून्य ते दहा असे गुण द्यायचे आणि तो शरीरात कुठे जाणवतो ते सांगायचं. त्यांनी नऊ गुण दिले आणि हात उजव्या मांडीवर ठेवला.

त्यानंतर थेरपिस्ट डोळ्यांसमोर दोन बोटं डावीकडून उजवीकडे हलवतात. चित्र मनात धरून रुग्णानं फक्त नजरेनं बोटांचा पाठलाग करायचा, अर्धा मिनिट किंवा त्याहूनही कमी. थांबायचं, श्वास घ्यायचा, काय आलं ते दोन शब्दांत सांगायचं आणि पुन्हा सुरू. डोळ्यांऐवजी तळहातांवर आळीपाळीनं टिचक्या किंवा कानांत आलटून पालटून आवाज असंही करतात. सगळी हकिगत तपशिलानं सांगायची सक्ती नसते. ज्यांना बोलण्याचीच लाज किंवा भीती वाटते, त्यांच्यासाठी, विशेषतः अत्याचार सोसलेल्यांसाठी, ही फार मोठी सोय आहे. एक सत्र तास-दीड तास चालतं. शेवटाकडे डोक्यापासून पायापर्यंत शरीर मनानं चाचपून कुठे ताण उरलाय का ते पाहतात. आठ टप्प्यांच्या या पद्धतीत त्याला स्वतंत्र टप्पाच दिलेला आहे. तिसऱ्या सत्रात यांचा उजवा पाय थरथरू लागला आणि काही मिनिटं थरथरतच राहिला. थेरपिस्टनी तो थांबवला नाही.

हे का चालतं? सध्या पटण्यासारखं स्पष्टीकरण असं, की आपली ‘वर्किंग मेमरी’, म्हणजे एका वेळी मनात धरून ठेवण्याची जागा, फार तोकडी असते. आठवण जागी असतानाच त्या जागेत दुसरं काम घुसवलं, की आठवणीला पुरती जागा मिळत नाही. ती फिकट होते आणि पुन्हा साठवली जाते तीही तशीच फिकट. डोळे फिरवण्याऐवजी आकडे उलटे मोजले तरी चित्राचा ठसठशीतपणा कमी होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. मग डोळे फिरवणं हवंच कशाला? 2001 मधल्या एका एकत्रित विश्लेषणानं त्यातून जास्तीचा फायदा दिसत नाही असं म्हटलं, 2013 मधल्या दुसऱ्यानं तो मध्यम प्रमाणात असल्याचं सांगितलं. वाद मिटलेला नाही, पण उपचाराचा गुण येतो याविषयी फारसं दुमत उरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी आणि ईएमडीआर, दोन्हींची शिफारस केली. ईएमडीआर वरचढ आहे असा मात्र त्याचा अर्थ नाही.

त्याच सूचनांतली दुसरी एक ओळ मला जास्त बोचली. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तीव्र ताणाच्या लक्षणांसाठी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं देऊ नयेत, असं त्यात आहे. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम याच गटातली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी नुकताच डॉक्टर झालो होतो. त्यानंतरच्या दिवसांत शिबिरात आलेली माणसं छताखाली झोपायला तयार नसत, पहाटे चारच्या सुमारास आपोआप जागी होत. आम्ही त्यांना झोपेच्या गोळ्या दिल्या. आमच्याकडे तेवढंच होतं आणि तेच बरोबर वाटत होतं. 2001 च्या गुजरातमधल्या भूकंपानंतर मात्र परदेशी प्रशिक्षकांनी येऊन इथल्या मानसोपचारकांना ईएमडीआर शिकवलं.

आता शरीराकडून मनाकडे जाणाऱ्या उपचारांविषयी. स्नायूत आठवण साठते, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मांडीत आठवण नसते. मेंदूतली ‘अमिग्डाला’ नावाची बदामाएवढी गाठ धोक्याची खूण ओळखते, विचार करणाऱ्या भागाला पत्ता लागण्याआधीच ॲड्रेनालिन सुटतं आणि शरीर त्या क्षणाला केलेली हालचाल पुन्हा करू पाहतं. ब्रेकचा करकर आवाज आला की यांची मांडी आवळत होती, ती अशी. पीटर लेव्हिन यांची ‘सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग’ ही पद्धत इथूनच सुरुवात करते. प्रसंगाच्या कथेऐवजी श्वास, थरथर, ऊब, जडपणा या संवेदनांकडे थोडं थोडं लक्ष न्यायचं आणि परत सुरक्षित जागी आणायचं. तिची एक चाचणी इस्रायलमध्ये 63 जणांवर झाली, निष्कर्ष आशादायक होते. पण एवढ्या पुराव्यावर मी तिला पहिला उपचार म्हणणार नाही.

योगाचा पुरावा जरा बरा आहे. बेसेल व्हॅन डर कोक यांच्या गटानं 2014 मध्ये जुनाट पीटीएसडी असलेल्या 64 स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध केली. दहा आठवड्यांनंतर योग करणाऱ्या 31 पैकी 16 जणी निदानाच्या निकषांतून बाहेर पडल्या, आरोग्यशिक्षणाच्या गटात 29 पैकी सहा. हा योग आपल्या नेहमीच्या वर्गासारखा नव्हता. शिक्षक हात लावून आसन सुधारत नाहीत, डोळे मिटायची सक्ती नसते. अत्याचार सोसलेल्या बाईला डोळे मिटून शवासनात पडायला लावणं हीच शिक्षा होऊ शकते, हे आपल्याकडच्या उत्साही शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावं.

शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत ‘ट्रॉमा मोकळा करून’ देणाऱ्यांपासून जपा. आधी विचारा: मूळ शिक्षण काय, मानसोपचाराची पदवी आहे का, ईएमडीआरचं प्रशिक्षण कुठे घेतलं, देखरेख कोणाची? फिट्स येणाऱ्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आधी तसं सांगावं. सत्रात भावना उसळतात, रक्तदाबही चढतो. घरी मारहाण अजून चालूच असेल तर आधी सुरक्षितता, मग जुनी आठवण. सरकारी रुग्णालयांत ईएमडीआर जाणणारे फार थोडे आहेत, पण जिल्हा रुग्णालयात मनोविकार तज्ज्ञ भेटतात आणि ‘टेली मानस’च्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

सहाव्या सत्राअखेर आमच्या चालकांचे गुण नवावरून दोनवर आले. शून्यापर्यंत न्यायचा प्रयत्न थेरपिस्टनी करून पाहिला. ते म्हणाले, ‘‘शून्य नको मॅडम. कुणाचं तरी पोर गेलंय.’’ थेरपिस्टनी दोन हाच आकडा मान्य केला, आणि पद्धतीच्या नियमांत ते बसतंही.

गेल्या महिन्यात ते रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले होते. गाडी चालवतात, घाटातली ड्युटी अजून घेत नाहीत. पायात गोळा क्वचित येतो. मी सुरू केलेलं अल्प्राझोलाम थोडं थोडं कमी करत सोडवायला मात्र चार महिने लागले.