पालवीला भुलू नका

रस्ता रुंदीकरणातून वाचवलेला ताम्हण क्रेनने उचलून दुसरीकडे लावला जातो. पुढे त्याच्या बोडक्या खोडावर कोवळे धुमारे फुटतात आणि ‘झाड जगलं’ म्हणून सगळे निर्धास्त होतात. इथेच घात होतो. खोडात आणि जाड मुळांत साठवलेल्या पिष्टमय पदार्थांच्या शिलकीवरही पालवी फुटते. ती शिल्लक संपायच्या आत नवी मुळं वाढली नाहीत, तर पुढच्या उन्हाळ्यात झाड उभ्याउभ्या वाळतं.

मोठ्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे लांबवर पसरतात. मुळांचा गोळा खोडाच्या व्यासाच्या किमान दहापट रुंद असावा, असा ठोकताळा आहे. म्हणजे 20 सेंटीमीटर जाडीच्या खोडाला 2 मीटरचा गोळा; त्याचं वजनच तीन-चार टन भरतं. एवढं करूनही बहुतांश शोषक मुळं जुन्याच जागी तुटून राहतात.

म्हणून पहिली गरज पाण्याची, आणि तेही नेमक्या जागी. सुरुवातीला झाड फक्त त्या गोळ्यातलंच पाणी पितं. भोवतालची काळी माती ओलीचिंब असली, तरी आतला मुरमाड गोळा कोरडा ठणठणीत असू शकतो. आळं बुंध्याभोवती, गोळ्याच्या माथ्यावर करावं. पाणी देण्याआधी सळई वीतभर खोल खुपसून पाहावी. वर येताना तिला ओलसर माती लागली, तर त्या दिवशी पाणी नको. सतत चिखलात राहिलेल्या मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजतात. आळ्यात पालापाचोळ्याचा दोन-तीन इंच थर द्यावा, पण तो खोडाला टेकू देऊ नये. झाड पूर्वी होतं त्याहून खोल पुरू नये.

आपल्याकडे झाड हलवताना सगळ्या फांद्या छाटून खांब करतात. मला ही पद्धत मान्य नाही. स्कॉटलंडच्या सर हेन्री स्टुअर्ट यांनी 1820च्या दशकातच मोठी झाडं हलवताना शेंड्यांच्या छाटणीला विरोध केला होता. त्यामागचं कारण आज समजतं: मुळांना लागणारी साखर पानं बनवतात आणि मुळांच्या वाढीला चालना देणारं ऑक्सिन कोंब पुरवतात. मोडकी, वाळकी फांदी काढावी. वाहतुकीपुरती थोडी छाटणी समजू शकते. त्यापलीकडे कुऱ्हाड आवरावी. पहिल्या वर्षी युरियाही नको. मुळंच नसताना पानांची वाढ रेटून काय साधणार?

पानं गळाली म्हणून लगेच आशा सोडू नये. बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं निघालं तर आणखी खाली, जाड फांदीवर पाहावं.

थंड प्रदेशांत खोडाच्या दर इंच जाडीमागे सावरायला सुमारे एक वर्ष धरतात. आपल्या उष्ण हवेत मुळं लवकर वाढतात, तरी आठ इंची खोडाला दोन वर्षं तरी हवीतच. तेव्हा पाण्याचा टँकर पहिल्या पावसाळ्यानंतर बंद करू नका, आणि किमान दोन उन्हाळे पार केल्याशिवाय कोणतंही झाड ‘जगलेलं’ म्हणून नोंदवू नका.