खिडकी मिटली, पण सेशन संपलं का?

सेलेनियमवर रात्रभर चाचण्या चालवणाऱ्यांना सकाळचा हा अनुभव नवा नाही. चाचण्या संपलेल्या असतात, पडद्यावर एकही ब्राउझर दिसत नाही, तरी मशीन धापा टाकत असतं. टास्क मॅनेजर उघडला की क्रोमड्रायव्हरच्या नोंदींची रांग दिसते. यात सेलेनियमचा दोष क्वचितच असतो. सेशन संपवण्याबद्दलचे आपलेच काही समज त्यामागे असतात.

गैरसमज : ‘क्लोज’ आणि ‘क्विट’ एकच.

वस्तुस्थिती : २०१८ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रमाण ठरवलेल्या वेबड्रायव्हरमध्ये या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. क्लोज फक्त चालू खिडकी किंवा टॅब मिटवतं. इतर टॅब उघडे असतील तर सेशन जिवंतच राहतं. मात्र आपला कोड अजून त्या मिटलेल्या टॅबलाच धरून असतो, त्यामुळे पुढच्याच आज्ञेला ‘नो सच विंडो’ ही एरर येते. म्हणून क्लोजनंतर आधी उरलेल्या टॅबवर स्विच करावं लागतं. शेवटचा टॅब मिटला की सेशन संपतं, पण ड्रायव्हरची प्रोसेस मागे राहू शकते. क्विट मात्र सगळ्या खिडक्या आणि सेशन संपवतं, शिवाय आपल्या कोडने सुरू केलेली ड्रायव्हरची प्रोसेसही थांबवतं.

गैरसमज : प्रोग्रॅम संपला की ब्राउझर आपोआप बंद होतो.

वस्तुस्थिती : कोड, ड्रायव्हर आणि ब्राउझर या तीन स्वतंत्र प्रोसेस आहेत. जावाचा गार्बेज कलेक्टर ऑब्जेक्टची मेमरी मोकळी करतो, पण सेशन संपवण्याची आज्ञा पाठवत नाही. ती आपणच द्यायची असते.

गैरसमज : चाचणीच्या शेवटच्या ओळीत क्विट लिहिलं की काम झालं.

वस्तुस्थिती : चाचणी मध्येच फेल झाली तर ती ओळ येतच नाही आणि नेमकी फेल झालेली चाचणीच ब्राउझर मागे सोडून जाते. क्विटची जागा जावात ‘फायनली’मध्ये किंवा टेस्टएनजीच्या ‘आफ्टरमेथड’मध्ये असते. तिथे ‘ऑलवेजरन’ही ट्रू ठेवावं, नाहीतर आधीच्या सेटअपमध्ये बिघाड झाल्यास आवराआवरही वगळली जाते. पायथॉनमध्ये ‘विथ’ वापरलं की ब्लॉकमधून बाहेर पडताना क्विट होतं. पायटेस्टच्या फिक्स्चरमध्ये ते ‘यील्ड’नंतर लिहावं.

गैरसमज : हेडलेस ब्राउझर बंद करण्याची गरज नाही.

वस्तुस्थिती : हेडलेसमध्ये फक्त खिडकी दिसत नाही. प्रोसेस तितक्याच खऱ्या असतात आणि मेमरीही खातात. डोळ्यांना काही दिसत नसल्यामुळे इथे विसर जास्त पडतो.

गैरसमज : काही उरलंच तर टास्ककिल आहेच.

वस्तुस्थिती : नावावरून मारलेली टास्ककिल आपलं आणि परकं ओळखत नाही. सामायिक मशीनवर सहकाऱ्याची चालू चाचणीही त्यात मरते. प्रत्येक सेशनसाठी बनलेलं तात्पुरतं प्रोफाइल पुसायला ड्रायव्हरला वेळ मिळत नाही आणि टेम्प फोल्डर फुगत जातं. हा उपाय आणीबाणीपुरताच वापरावा.

गैरसमज : ग्रिड असेल तर ग्रिडच सगळं सांभाळतो.

वस्तुस्थिती : सांभाळतो, पण उशिरा. सेलेनियम ग्रिड ४ मध्ये मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंद काहीच हालचाल नसेल तरच नोड सेशन मोडतो. तोवर पाच मिनिटं तो स्लॉट अडून राहतो. रांगेतल्या नव्या सेशनच्या विनंतीची मुदतही मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंदच असते. अशी काही सेशन एकदम अडली, तर ज्या चाचणीत काहीच चूक नाही ती सुरू होण्याआधीच फेल होते.

खरं नुकसान इथेच होतं. रिपोर्टमध्ये त्या निर्दोष चाचणीचं नाव लाल दिसतं आणि कुणीतरी अर्धा दिवस नसलेला बग शोधत बसतं. म्हणून ज्या कोडने सेशन उघडलं, त्यानेच ते संपवायचं, मग चाचणी पास होवो की फेल.