कधीच न भरणारी टाकी

कोकणात घर दाखवताना यजमान कलमं दाखवतो, विहीर दाखवतो आणि कधीकधी परसातल्या सिमेंटच्या झाकणाकडे बोट करून कौतुकाने सांगतो, “वीस वर्षं झाली, आमची टाकी एकदासुद्धा उपसावी लागली नाही.” पाहुण्याला वाटतं, काय पक्कं काम आहे! खरं तर त्याने विचारायला हवं, की मघाशी दाखवलेली विहीर इथून किती लांब आहे?

सेप्टिक टाकी भरायचीच असते. वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती बाहेरच्या नळीपर्यंत पाण्याने भरते आणि पुढे कायम भरलेलीच राहते. जेवढं आत येतं तेवढं दुसऱ्या तोंडाने बाहेर पडून जमिनीत पाणी मुरवणाऱ्या शोषखड्ड्यात जातं. मधल्या एक-दोन दिवसांच्या मुक्कामात जड मैला तळाशी बसतो आणि तेलकट साय वर तरंगते. तळचा गाळ कुजून कमी होतो, पण संपत नाही. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी तो गाडी बोलावून उपसायचा. (माणूस आत उतरवून नव्हे. संरक्षक साधनांशिवाय तसं उतरवणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतला विषारी वायू एका श्वासात माणूस आडवा करतो.) वीस वर्षं न उपसलेल्या टाकीचा गाळ एक तर शोषखड्ड्यात वाहून गेलेला असतो, नाहीतर टाकीला तळच नसतो. “तळ मोकळा ठेवा, उपसायची कटकट नाही,” हा सल्ला देणारे मिस्त्री आजही भेटतात. तळ नसलेल्या टाकीला टाकी म्हणण्यात अर्थ नाही. तो विहिरीशेजारी खणलेला मैल्याचा खड्डा झाला.

दुसरा समज असा, की टाकीतून बाहेर पडतं ते शुद्ध पाणी. ते फक्त निवळलेलं असतं. रोगजंतू त्यात भरपूर जिवंत असतात. उरलेलं काम शोषखड्ड्याभोवतालची माती करते: पाणी संथ झिरपतं, मातीच्या कणांवरचे जिवाणू घाण खातात, जंतू गाळले जातात. म्हणजे अर्धी यंत्रणा आपण बांधतो आणि अर्धी जमिनीत आधीच असते. ती अर्धी न पाहता एकच नकाशा परभणीला आणि मालवणला वापरला, तर तो एका ठिकाणी तरी फसणार.

काळ्या मातीबद्दलचा समज तर डोळ्यांनी पाहून झालेला असतो. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हंडाभर पाणी ओता, गडप! “आमची जमीन कितीही पाणी पिते.” पण या मातीतली चिकणमाती पाणी लागलं की फुगते. भेगा मिटतात, आणि मग पाणी जागचं हलत नाही. उन्हाळ्यात झकास चाललेला शोषखड्डा श्रावणात तोंडाशी येतो, संडासात पाणी तुंबतं आणि दोष गवंड्याला बसतो. हीच फुगणारी-आकसणारी माती टाकीच्या भिंतीला तडे देते आणि नळ्या उचलते, ते वेगळंच. त्यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे काळी माती काढून खड्ड्याभोवती मुरूम भरणं. मुरूम पाणी घेतो खरा, पण त्याच्या पलीकडे पुन्हा काळीच माती असेल, तर आपण जमिनीत एक बादली पुरलेली असते. मुरमाचा नैसर्गिक थर खाली हाताशी लागत असेल, तर गोष्ट वेगळी.

जमीन किती पाणी घेते हे डोळ्यांनी ठरत नाही, मोजावं लागतं. भारतीय मानक आयएस 2470च्या दुसऱ्या भागात त्याची साधी रीत आहे. शोषखड्ड्याच्या नियोजित खोलीपर्यंत छोटं भोक घ्यायचं, बाजू खरवडायच्या, तळाला थोडी खडी टाकायची, पाणी भरून रात्रभर मुरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून पातळी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते पाहायचं. ‘रात्रभर’ हा यातला कळीचा शब्द. तो वगळला की काळी माती परीक्षेत पहिली येते.

आता हिशेब. पाच माणसांच्या घरातून रोज 500 लिटर पाणी येतं असं धरू. 25 मिलिमीटर उतरायला 4 मिनिटं लागत असतील, तर मानकाच्या सूत्राप्रमाणे एक चौरस मीटर माती दिवसाला सुमारे 102 लिटर घेते आणि 5 चौरस मीटर पुरतात. 25 मिनिटं लागली तर सव्वाबारा चौरस मीटर. 1.2 मीटर व्यासाच्या आणि दोन मीटर कामाच्या खोलीच्या गोल खड्ड्याची भिंत साडेसात चौरस मीटर भरते. म्हणजे पहिल्या जमिनीत एक खड्डा पुरला, दुसरीत दोन लागले. तिसांच्या पुढे खड्डा चालत नाही, उथळ चर खणावे लागतात, आणि 60 मिनिटांच्या जमिनीत ते 60 सेंटिमीटर रुंदीने जवळजवळ 32 मीटर लांब होतात. त्याहून संथ जमिनीत पाणी मुरवण्याचा हट्टच सोडायचा. तिथे खडीचा गाळणी-कक्ष किंवा कर्दळ लावलेला खडीचा वाफा हाच मार्ग.

मग पाणी झटकन पिणारी जमीन सर्वांत चांगली? घरमालकाच्या सोयीला चांगली, विहिरीला नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या पुळणीत पाणी इतक्या घाईने खाली जातं, की मातीला काम करायला वेळच मिळत नाही. भूजलही तिथे उथळ. जांभ्यात पोकळ्या असतात, कातळात फटी. तिथे पाणी गाळलं न जाता वाहतं. मानक सांगतं, शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर हवा. पण ते अंतर मातीच्या भरवशावर आहे, फटीच्या नव्हे. मैल्यातून तयार होणारं नायट्रेट तर चांगली मातीही पुरतं अडवत नाही, आणि पाणी उकळून ते जात नाही.



या अठरा मीटरांची अडचण जागेची आहे. एक गुंठा म्हणजे साधारण दहा बाय दहा मीटर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण धरला तरी चौदाच मीटर भरतात. अठरा मीटर मोजायला फीत शेजाऱ्याच्या आवारात न्यावीच लागते. त्याची बोअर आपल्या खड्ड्यापासून किती लांब आणि त्याचा खड्डा आपल्या विहिरीपासून किती, हे त्याच फेरीत कळतं.