कुंपणावरचं हे लाल-पिवळं फूल कोणतं? कंद खणण्याआधी ओळख पटवा

श्रावणात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुंपणावर कुणी न लावलेली एक वेल चढलेली दिसते. फूल खाली झुकलेलं, पण सहाही पाकळ्या वर उलटलेल्या आणि कडा लाटांसारख्या. फोटो काढला की थेट स्टेटसला. पण हे फूल आहे तरी कोणतं?

ही कळलावी, म्हणजेच अग्निशिखा. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. तमिळनाडूचं राज्यफूल आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. कोकणात काही ठिकाणी गौरीच्या पूजेतही ते असतं. मात्र ही वेल मुळापासून बीपर्यंत विषारी आहे आणि सर्वात घातक तिचा कंद.

ओळखायचं कसं?

रंगावर जाऊ नका. फूल आधी हिरवट-पिवळं असतं, मग पिवळं-लाल आणि शेवटी लालभडक होतं, त्यामुळे एकाच वेलीवर वेगवेगळ्या रंगांची फुलं दिसतात. खरी खूण पानात आहे. पानाचं टोक निमुळतं होत स्प्रिंगसारखं गुंडाळतं आणि त्याच टोकाने वेल आधार पकडते. पानावरच्या शिरा समांतर असतात.

गूगल लेन्स, प्लांटनेट किंवा आयनॅचरलिस्ट वापरत असाल तर फुलाचा एकच क्लोजअप पुरेसा नाही. बाजूने फूल, पानाचं टोक आणि पूर्ण वेल असे वेगवेगळे फोटो घ्या. रेंज नसेल तर नंतर अपलोड करा. अ‍ॅप जे नाव दाखवतं तो फोटोंच्या तुलनेवरून बांधलेला अंदाज असतो, पंचनामा नव्हे! आयनॅचरलिस्टवर इतर जाणकारही नाव तपासतात. त्याआधी पाड्यावरच्या आजीला विचारा, ती बहुतेक लांबूनच सांगेल.

घाई कशासाठी?

कारण पावसाळ्यानंतर वेल सुकते आणि जमिनीत उरतो फक्त कंद. त्याच सुमारास करांदे आणि इतर रानकंद खणले जातात. करांद्याच्या वेलीची पानं हृदयाच्या आकाराची, टोकाला स्प्रिंग नाही. कळलावीचा कंद लांबट, बोटांसारखा, बऱ्याचदा नांगराच्या आकारात वाकलेला असतो. म्हणूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात. पण मातीने माखलेल्या तुकड्यात हा फरक कुठे दिसणार? श्रीलंकेत हा कंद रताळं किंवा रानकंद समजून खाल्ल्याने मृत्यू झाले आहेत. उकडल्यानेही धोका टळत नाही.

यातलं कोल्चिसिन हे द्रव्य गाऊटवरच्या औषधात अगदी अल्प मात्रेत वापरतात. कंदातून ते पोटात गेलं तर काही तासांत घशात जळजळ, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मग जरा बरं वाटतं आणि इथेच फसगत होते, कारण पुढच्या काही दिवसांत रक्तपेशी घटू लागतात. त्यावर सहज मिळणारा उतारा नाही. कळा लवकर याव्यात म्हणून कंद वापरण्याची जुनी समजूतही म्हणूनच जिवावर बेतू शकते.

कुणी कंद खाल्लाच तर घरगुती उपाय करत बसू नका. 108 ला फोन करा किंवा थेट जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. उरलेला कंद किंवा वेलीचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना नेमकं काय खाल्लं ते कळेल.