वीस व्हायोलिने आणि बारा मिनिटांचा लघुपट

भोपाळच्या मोठ्या तलावातील नावाड्यांवर काही तरुणांनी बारा मिनिटांचा लघुपट केला आहे. त्याचे संगीत माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाकडे आले, आणि एका संध्याकाळी संगणक काखोटीस मारून तो माझ्या दारात उभा राहिला. "गुरुजी, यात वीस व्हायोलिने आहेत," म्हणून त्याने बोट दाबले. खरेच वीस वाजली! सगळी एकाच क्षणी उठली, एकाच क्षणी बसली. मला वडील आठवले. लहान वयात तेही एका संस्थानच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत. (मी त्यांचे उतारवयातले अपत्य.) दहा वादक कधीच एकदम उठत नाहीत, त्या किंचित मागेपुढे होण्यालाच वृंद म्हणावे, असे ते सांगत. संस्थान विलीन झाले, वृंद मोडला, आणि पुढे त्यांनी शिकवण्यांवर घर चालविले.

आपल्या लघुपटसंगीताची एक मोठी शाखा अशाच संस्थानी मातीत उगवली, हे रसिकांना सांगावेसे वाटते. मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी 1918 च्या सुमारास साथीत पोरक्या झालेल्या मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे नलतरंग बनविले! त्यांचेच शिष्य रविशंकर. कॅनडातील नॉर्मन मॅकलॅरन आणि क्लोद जुत्रा यांच्या 1957 सालच्या 'अ चेअरी टेल' या लघुपटास त्यांनी संगीत दिले. बसू न देणारी खुर्ची आणि बसू पाहणारा माणूस, एवढीच गोष्ट. शब्द एक नाही. साथीला चतुरलाल यांचा तबला. मोजक्या वाद्यांनी खुर्चीला स्वभाव दिला. रविशंकरांचे शिष्य विजय राघव राव यांनी पुढे फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांना संगीत दिले, तर दुसरे शिष्य, आपले पुण्याचे भास्कर चंदावरकर, 1965 पासून तेथील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये हा विषय शिकवीत.

विषय शिकवावा लागतो तो घड्याळामुळे. मैफलीत समेवर केव्हा यायचे ते गवई ठरवितो. चित्रपटात कात्री ठरविते. आमच्या लघुपटात नाव घाट सोडते ते दृश्य बरोबर वीस सेकंदांचे. मुलाने मिनिटाला 120 मात्रांचा त्रिताल धरला होता. आवर्तन आठ सेकंदांचे, म्हणजे दृश्य अडीच आवर्तनांत संपणार आणि सम पाण्यात पडणार! लय 96 वर आणली, तेव्हा दोन आवर्तने वीस सेकंदांत चोख बसली. सेकंदाला 24 चित्रे, म्हणजे दर मात्रेला पंधरा. हे गणित मांडताना त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

प्रश्न उरला तो वादकांचा. निर्मात्यांची थैली एका दिवसापुरती आणि दोन माणसांपुरती. एक व्हायोलिन, एक सारंगी. बाकीचे संगणकाने भरावे असे ठरले. मला ते पुरते रुचलेले नाही, पण वादकाला बिदागी न देता फुकट बोलावण्यापेक्षा बरे.

ध्वनिमुद्रणात तिसऱ्या खेपेस व्हायोलिनवाले गृहस्थ समेवर केसभर उशिरा आले. मुलगा लगेच पडद्यावरची ती रेघ ओढून सरळ करू लागला. मी त्याचा हात धरला. ती खेप आम्ही तशीच ठेवली आहे.