टकरीचा जमाखर्च

दोन वस्तूंच्या टकरीतील एकूण संवेग काढण्याचा प्रयोग महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ज्या टेबलावर चालतो, तेथे आकडेमोडीपूर्वीचा बराचसा वेळ रूळ समपातळीत आणण्यातच खर्च होतो, आणि माझ्या मते प्रयोगकर्त्याची खरी परीक्षा तीच. धातूच्या त्या पोकळ रुळाला बारीक छिद्रे असतात. पंखा सुरू होताच त्यांतून हवा उसळते आणि एरवी जागची न हलणारी छोटी गाडी केसभर वर उचलली जाऊन, रूळ किंचितही कलता असेल तर, आपणहून सरकू लागते. पायाचा स्क्रू अंमळ फिरवायचा, गाडी मधोमध सोडून हात अलगद काढायचा, आणि ती निश्चल राहीपर्यंत हाच क्रम चालवायचा.

मग टक्कर. डावीकडील गाडी ३०० ग्रॅमची, उजवीकडील १०० ग्रॅमची. एकीच्या तोंडाला टाचणी, दुसरीच्या तोंडाला मेणाचा गोळा, जेणेकरून आदळताच दोघी एकमेकींना चिकटाव्यात. गाडीवरील १० सेंटिमीटरची पट्टी प्रकाशझोत अडवते तेवढा वेळ घड्याळ मोजते: पहिलीचा ०.२५ सेकंद, दुसरीचा ०.२०, म्हणजे वेग सेकंदाला ०.४० आणि ०.५० मीटर. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार शाळकरी पोरही करील. मेख आहे ती चिन्हात. उजवीकडे जाणारा संवेग जमेला आणि डावीकडे जाणारा खर्ची, असा दंडक घातला की ०.१२ वजा ०.०५, बाकी ०.०७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. चिकटलेली जोडी उजवीकडे निघते, तिची पट्टी ०.५८ सेकंदात पार होते, आणि ४०० ग्रॅमांचा संवेग भरतो ०.०६९.

देकार्तसारख्या धुरंधराने १६४४ च्या आपल्या ग्रंथात दिशेची दखलच घेतली नव्हती; त्याच्या रीतीने टकरीपूर्वी ०.१७ आणि नंतर ०.०६९, म्हणजे दप्तरात उघड अफरातफर! १६६८-६९ साली वॉलिस, रेन आणि हायगेन्झ यांनी टकरीचे नियम लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले, तेव्हा कोठे हा हिशेब मार्गी लागला.

गतिज ऊर्जेचे खाते मात्र निराळे: ती जेमतेम एक षष्ठांश उरते, बाकीची मेण चेपण्यात आणि उष्णतेत जाते. विद्यार्थ्यांना हे पटता पटत नाही. ते बिचारे ०.००१ च्या तुटीवरच खल करीत बसतात. वास्तविक सेकंदाचा शतांशच दाखविणाऱ्या घड्याळाला एवढी तूट माफ असावी. हवेच्या रोधाचा वाटा वेगळा काढायची चिकाटी ज्याला असेल, त्याने न्यूटनचा १६८७ चा ‘प्रिन्सिपिया’ उघडावा. दोरीला टांगलेले गोळे एकमेकांवर आदळविताना त्याने तोही हिशेबात धरला होता.